टेबल समोर दिसतंय, तरी डेटाबेस ‘नाही’ म्हणतो: कॅपिटल-स्मॉलचा घोळ सोडवताना

एका परिचितांच्या दुकानासाठी मी बिलांचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. विंडोजचा लॅपटॉप, पीएचपीतला कोड, मायएसक्यूएल हा डेटाबेस. घरी सगळं सुरळीत चाललं. मग ते भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच पानावर आपटलो. चूक क्रमांक ११४६: कस्टमर्स नावाचं टेबल अस्तित्वातच नाही. मला वाटलं, इम्पोर्ट अर्धवट झाला असेल. पुन्हा केला. तिसऱ्यांदाही केला. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) डावीकडच्या यादीत कस्टमर्स ढळढळीत दिसत होतं, उघडलं तर आत ग्राहकांच्या नोंदीही होत्या. रात्री साडेअकराच्या सुमारास ट्यूब पेटली. यादीतलं नाव स्मॉल सीने सुरू होत होतं, माझ्या कोडमधलं कॅपिटल सीने.

तेव्हापासून ऑफिसात नवीन लागलेलं कुणीतरी दर दोन-चार महिन्यांनी येऊन विचारतं, “सर, टेबल तर दिसतंय, मग नाही कसं म्हणतो हा?” हा लेख त्यांच्यासाठी.

आधी लिपीचं सांगून टाकतो. आम्हा मराठी माध्यमवाल्यांना पाचवीत इंग्रजी आलं, तेव्हा पहिली लिपी, दुसरी लिपी असं करत एबीसीडी घोटावी लागली. एकच अक्षर दोन रूपांत का लिहायचं, हे तेव्हाही कळलं नव्हतं. देवनागरीत ही भानगड नाही. त्यामुळे इथे नावं आणि आज्ञा देवनागरीत दिल्यात, टाइप मात्र रोमनमध्येच करायच्या. अक्षर मोठं की लहान याने जिथे फरक पडतो, तिथे ते शब्दांत सांगितलंय.

पहिली पायरी: चूक सांगणारा संदेश नीट वाचा

नवशिके ‘डझ नॉट एक्झिस्ट’ एवढंच वाचतात आणि कोडकडे धाव घेतात. संदेशात नाव कसं छापलंय ते आधी बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

मायएसक्यूएल तुम्ही लिहिलेलं नाव जसंच्या तसं परत दाखवतो. कॅपिटल सी लिहिला असेल तर संदेशातही कॅपिटल सी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं वेगळं. तुम्ही कॅपिटल सीने कस्टमर्स लिहिलं आणि संदेशात ते सगळं स्मॉलमध्ये आलं, तर समजायचं की शोध घेण्याआधीच पोस्टग्रेसने तुमचं नाव बदललं. तुम्ही मागितलं एक, त्याने शोधलं दुसरं. ओरॅकल ‘ओआरए-००९४२’ म्हणतो, आणि कोणतं टेबल सापडलं नाही हे त्याच्या जुन्या आवृत्त्या सांगतसुद्धा नाहीत. एसक्यूएल सर्व्हरची हीच तक्रार २०८ क्रमांकाने येते, ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’.

दुसरी पायरी: डेटाबेसने नाव कसं लिहून ठेवलंय ते विचारा

तुम्ही टेबल बनवताना काय टाइप केलं होतं याला फारसा अर्थ नाही. डेटाबेसच्या दप्तरी काय नोंद झाली, ते महत्त्वाचं. सात-बारावर नाव जसं लागलंय तसंच लागलंय, घरी आपण काहीही हाक मारत असू.

मायएसक्यूएलमध्ये ‘शो टेबल्स’ चालवा. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे त्याला आज्ञा टाइप करून द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, बॅकस्लॅश डीटी. इथे एक खोच आहे. बॅकस्लॅश डी देऊन पुढे टेबलाचं नाव लिहिलंत, तर तिथेही पीएसक्यूएल ते नाव स्मॉल करूनच शोधतो. म्हणजे तपासायला गेलात तिथेही तोच खड्डा. म्हणून नाव न देता पूर्ण यादी काढा आणि डोळ्यांनी बघा. ओरॅकलमध्ये ‘युझर_टेबल्स’ला विचारताना टेबल_नेम बरोबर अवतरणात स्मॉलमधलं कस्टमर्स लिहिलं, तर शून्य ओळी मिळतात, कारण साध्या पद्धतीने बनवलेल्या टेबलाचं नाव तिथे सगळं कॅपिटलमध्ये असतं. तिथे अवतरणातला मजकूर कॅपिटलमध्येच द्या.

तिसरी पायरी: नावाला हात कोण लावतंय ते ओळखा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा बसू.

काही डेटाबेस नाव वाचतानाच त्याचं रूप बदलतात. एसक्यूएलचं प्रमाण म्हणतं, दुहेरी अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव कॅपिटल समजावं. ओरॅकल आणि डीबीटू हे पाळतात. पोस्टग्रेसने उलटी वाट धरली, तो सगळं स्मॉल करतो. दोन्हीकडे दुहेरी अवतरणात घातलेल्या नावाला मात्र हात लावला जात नाही. ते जसं लिहिलंय तसंच राहतं, आणि पुढे कायम तसंच अवतरणात लिहावं लागतं.

म्हणजे पोस्टग्रेसमध्ये अवतरणाशिवाय टेबल बनवलंत आणि अवतरणाशिवायच वापरलंत, तर कसंही लिहा, चालतं. घोळ होतो तो एकीकडे अवतरण आणि दुसरीकडे नाही असं झालं की. आणि हे अवतरण बहुतेक वेळा तुम्ही दिलेलंच नसतं. ते ओआरएम घालतो, म्हणजे कोडमधल्या क्लासवरून टेबलं बनवणारी आणि क्वेरी लिहिणारी लायब्ररी. एंटिटी फ्रेमवर्क कोअर पोस्टग्रेसबरोबर वापरा, तो कोडमधल्या नावावरून कॅपिटल अक्षरं असलेलं टेबल अवतरणात घालून बनवतो. सीक्वलाइझही तसाच. त्यांच्याकडून बनलेलं टेबल त्यांच्या कोडमधून व्यवस्थित चालतं. मग कधीतरी कुणी पीएसक्यूएल उघडून हाताने साधी क्वेरी लिहितं आणि टेबल ‘गायब’ होतं.

पोस्टग्रेसमध्ये कॉलमचंही हेच होतं. सीक्वलाइझ आपणहून ‘क्रिएटेड-अ‍ॅट’चा कॉलम टाकतो, मधला ए कॅपिटल ठेवून. अवतरणाशिवाय तो मागितलात तर पोस्टग्रेस सगळ्या स्मॉल अक्षरांचा कॉलम शोधतो आणि नाही म्हणतो. कॉलमच्या बाबतीत निदान खाली हिंट देतो, ‘तुम्हाला अमुक कॉलम म्हणायचा होता का?’ टेबलासाठी एवढीही माया दाखवत नाही.

मायएसक्यूएलचं दुखणं निराळं, आणि ते थेट डिस्कपर्यंत जातं. त्याच्यासाठी डेटाबेस म्हणजे डेटा डिरेक्टरीतला एक फोल्डर आणि टेबल म्हणजे त्यातली फाइल. लिनक्सची फाइल सिस्टिम कॅपिटल-स्मॉल वेगळं मानते. विंडोज मानत नाही. मॅकही सहसा मानत नाही. फाइल सिस्टिमचा स्वभाव टेबलात उतरतो.

हा स्वभाव ‘लोअर_केस_टेबल_नेम्स’ या सेटिंगमध्ये दिसतो. ‘शो व्हेरिएबल्स लाइक’ लिहून पुढे अवतरणात हे नाव द्या, उत्तर ०, १ किंवा २ येईल. ० म्हणजे नाव लिहिलं तसं साठवायचं आणि शोधताना कॅपिटल-स्मॉल वेगळं धरायचं. लिनक्सवर मुळात हेच असतं. १ म्हणजे साठवतानाच स्मॉल करायचं आणि शोधताना फरक करायचा नाही, हे विंडोजचं. २ म्हणजे लिहिलं तसं साठवायचं पण शोधताना स्मॉल करून बघायचं, हे मॅकचं. मारियाडीबीतही हीच सेटिंग आहे.

आता माझ्या त्या रात्रीचा उलगडा होतो. लॅपटॉपवर सेटिंग १ होती. मी कॅपिटल सीने टेबल बनवलं, मायएसक्यूएलने ते मुकाट्याने स्मॉल करून ठेवलं. डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलीतली प्रत, काढला, त्यात सगळी नावं स्मॉल. ती लिनक्सवर स्मॉलच उतरली, आणि तिथे सेटिंग ०. कोडमध्ये कॅपिटल सी तसाच. इम्पोर्ट तीनदाच काय, तीनशे वेळा केला असता तरी उत्तर तेच आलं असतं.

या स्वभावाचा आणखी एक चकवा म्हणजे टेबलाचं टोपणनाव, म्हणजे एलियस. फ्रॉममध्ये कस्टमर्स अ‍ॅज कॅपिटल सी लिहिलं आणि पुढे व्हेअरमध्ये स्मॉल सी टिंब आयडी, तर विंडोजवर क्वेरी निमूट चालते. लिनक्सवर १०५४ येतो, ‘अननोन कॉलम’. माणूस मग कॉलम शोधत बसतो, जो जागच्या जागी असतो. कॉलमच्या नावात मायएसक्यूएल कुठेच कॅपिटल-स्मॉल बघत नाही. चूक असते टिंबाच्या डावीकडे.

आणि मायएसक्यूएलमध्ये नावाभोवती घालतात ती बॅकटिक (`) म्हणजे पोस्टग्रेसचं दुहेरी अवतरण नव्हे. बॅकटिक घातल्याने किंवा काढल्याने कॅपिटल-स्मॉलच्या वागण्यात काहीच बदलत नाही. ‘बॅकटिक लावून बघ’ हा सल्ला मला स्वतःला दोनदा मिळालाय.

बाकीच्यांचं थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलाच्या नावाचा निकाल त्या डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची या नियमावर, लागतो. कोलेशनच्या नावात सीआय असेल तर फरक करत नाही, सीएस असेल तर करतो. एसक्यूलाइटला रोमन अक्षरांच्या कॅपिटल-स्मॉलचं काही पडलेलं नाही. म्हणूनच एसक्यूलाइटवर शिकून आलेल्यांची पहिली ठेच पोस्टग्रेसवर लागते.

एक गल्लत इथेच निस्तरू. टेबलाचं नाव आणि टेबलातला मजकूर यांचे नियम वेगळे. व्हेअरमध्ये ‘पुणे’ हे रोमनमध्ये कॅपिटलने लिहिलं की स्मॉलने, दोन्हीला त्याच ओळी मिळतात का, हे मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या कोलेशनवर ठरतं. लोअर_केस_टेबल_नेम्सचा तिथे काही संबंध नाही. सिलेक्ट, फ्रॉम हे शब्द तर कसेही लिहा, कुठेच फरक पडत नाही.

चौथी पायरी: दुरुस्ती

मायएसक्यूएलवर दोन रस्ते आहेत. सेटिंग बदला, किंवा नावं बदला.

सेटिंगचा रस्ता सोपा वाटतो आणि इंटरनेटवर अर्धे लोक तोच सुचवतात: कॉन्फिग फाइलमध्ये १ करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. ५.७ आवृत्तीपर्यंत हे चालायचं, तेही आधीची सगळी नावं स्मॉल करून घेतली असतील तरच. २०१८ साली आलेल्या ८.० पासून ही वाट बंद आहे. सेटिंग फक्त डेटा डिरेक्टरी पहिल्यांदा तयार होताना ठरते. नंतर बदललीत तर सर्व्हर उठतच नाही. लॉगमध्ये लिहितो की सर्व्हरची सेटिंग १ आहे आणि डेटा डिक्शनरीची ०. उबुंटूवर तर पॅकेज बसवताच डेटा डिरेक्टरी ० ने तयार होऊन जाते, तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

तरीही १ हवंच असेल, तर क्रम असा. सगळ्याचा डम्प काढा. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतोय ना ते बघा. हे टाळू नका. मग सर्व्हर थांबवा, जुनी डेटा डिरेक्टरी पुसू नका, बाजूला हलवा. कॉन्फिगमध्ये १ लिहा, नवी डिरेक्टरी इनिशियलाइझ करा, सर्व्हर सुरू करा, डम्प भरा. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरत असाल तर कंटेनर पहिल्यांदाच, रिकाम्या व्हॉल्यूमवर सुरू करताना हा पर्याय द्यावा लागतो. जुन्या व्हॉल्यूमवर दिलात तर वर सांगितलेलीच चूक. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेवरही ८.० साठी पॅरामीटर ग्रुपमध्ये ही किंमत इन्स्टन्स बनवण्याआधीच ठरवून ठेवायची.

हा खटाटोप मी कधी करेन? विकत घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर असेल, त्याच्या कोडमध्ये एकाच टेबलाची नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली असतील आणि कोडला हात लावायची परवानगी नसेल, तेव्हा. कोड आपला असेल तर मी नावंच बदलतो. सेटिंग त्या एका सर्व्हरला चिकटलेली असते. उद्या दुसरीकडे गेलात की पुन्हा तोच पाढा.

नावं बदलायची म्हणजे सगळी टेबलं स्मॉलमध्ये आणायची आणि कोडमध्येही तसंच लिहायचं. लिनक्सवर सेटिंग ० असताना ‘रिनेम टेबल’ कॅपिटल कस्टमर्स ‘टू’ स्मॉल कस्टमर्स हे सरळ चालतं. टेबलं शंभर असतील तर हाताने लिहू नका. इन्फर्मेशन_स्कीमामधून नावं घेऊन प्रत्येकासाठी रिनेमची ओळ तयार करणारी क्वेरी लिहा. ‘नाव आणि त्याचं स्मॉल रूप वेगळं आहे’ ही अट घालताना तुलना बायनरी, म्हणजे कॅपिटल-स्मॉल वेगळं धरून, करा. नाहीतर कोलेशनच्या कृपेने दोन्ही सारखीच ठरू शकतात आणि यादी रिकामी येते.

रिनेमच्या आधी हेही बघा की फक्त अक्षराच्या आकाराने वेगळी असलेली दोन टेबलं एकाच डेटाबेसमध्ये नाहीत ना. लिनक्सवर अशी जोडी सुखाने नांदते. मी एकदा पाहिली होती: एकात २ वर्षांच्या नोंदी, दुसऱ्यात फक्त ११ नोंदी. कुणीतरी चुकून दुसरं बनवलं आणि कोडचा एक कोपरा त्यात भरत राहिला. अशी जोडी सापडली तर नाव बदलण्याआधी आतल्या नोंदी जुळवून घ्या.

पोस्टग्रेसवर सेटिंग वगैरे काही नाही. अवतरणात अडकलेलं नाव सोडवायचं: ‘ऑल्टर टेबल’, मग दुहेरी अवतरणात जुनं नाव, ‘रिनेम टू’, आणि अवतरणाशिवाय नवं. कॉलमचंही असंच, एकेक करून. मग ओआरएमला सांगा की यापुढे अशी नावं देऊ नकोस. बहुतेकांत त्याची सोय असते. सीक्वलाइझमध्ये ‘अंडरस्कोर्ड’ हा पर्याय चालू केला की कॉलम स्मॉल आणि अंडरस्कोरचे होतात. टेबलांची नावं नीट दिसतायत का ते बघा, नसतील तर ‘टेबल-नेम’ने स्वतः द्या. जँगो, रेल्स, लारावेल हे मुळातच स्मॉल नावं देतात. स्प्रिंग बूटही कॅमल-केस (मधली अक्षरं कॅपिटल करून जोडलेली नावं) मोडून अंडरस्कोर घालतो.

अंडरस्कोर का, ते एका उदाहरणात कळेल. ‘बिल डिटेल्स’ हे दोन कॅपिटल अक्षरांनी जोडून लिहिलं तर वाचता येतं. तेच स्मॉल झालं की सगळी अक्षरं एकात एक मिसळतात आणि शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. मध्ये अंडरस्कोर असला की कुणीही स्मॉल करो वा कॅपिटल, नाव वाचता येतं. सगळं स्मॉल, मध्ये अंडरस्कोर, अवतरण नाही. मी एवढाच नियम पाळतो.

पाचवी पायरी: घरीच ठेच लागू द्या

लाइव्ह सर्व्हर लिनक्सचा असेल तर लॅपटॉपवरचा मायएसक्यूएलही डॉकरमधून लिनक्सचाच चालवा. कॅपिटल सी मग लिहिल्यापासून मिनिटभरात सापडतो. चाचण्यांसाठी एच२ हा छोटा डेटाबेस वापरणाऱ्या जावावाल्यांनी लक्षात ठेवावं, तो ओरॅकलसारखा मुळात कॅपिटल करतो. पोस्टग्रेसची नक्कल करायची असेल तर त्याला ‘डेटाबेस_टू_लोअर’ सांगावं लागतं.

मग देवनागरीतच नावं दिली तर?

हा प्रश्न मला एकदा गमतीत विचारला गेला, पण उत्तर खरंच मजेशीर आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हीकडे ग्राहक नावाचं टेबल अवतरणाशिवाय बनतं आणि चालतं. कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच मिटला. पण नवे दोन उभे राहतात. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हं झाली की संपलं. शेतकऱ्यांची_यादी हे नाव ४६ बाइटचं होतं, बसतं. पण त्यातला तो अर्धा ऱ बघा. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पोस्टग्रेसला ती दोन वेगळी नावं वाटतात. कॅपिटल सी निदान डोळ्यांना दिसतो तरी. मी नावं रोमनमध्येच ठेवतो आणि आत देवनागरी भरतो.

आता त्या दुकानाच्या सॉफ्टवेअरचं. त्या रात्री मी कोडमधली सगळी नावं स्मॉल केली, दोन वाजता पानं उघडायला लागली, झोपलो. एक गोष्ट राहिली होती. महिन्याच्या हिशोबासाठीचा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, मी घरून आणलाच नव्हता; आदल्या दिवशी नव्या सर्व्हरवर गडबडीत हातानेच बनवला होता, आणि त्यासाठी एक छोटं टेबलही, दोन्ही कॅपिटलमध्ये. नावं सारखी करताना ते टेबल रिनेम केलं. मायएसक्यूएलमध्ये टेबल रिनेम केल्यावर व्ह्यूच्या पोटातलं नाव जुनंच राहतं. त्या टेबलासाठी वेगळे दिलेले परवानेही नव्या नावाबरोबर येत नाहीत. पोस्टग्रेसचा व्ह्यू टेबलाला आतल्या क्रमांकाने ओळखतो, त्यामुळे तिथे तो रिनेमनंतरही चालतो. मात्र तिथेही फंक्शनच्या आत मजकूर म्हणून लिहिलेलं नाव आपणच बदलायचं असतं.

हा व्ह्यू रोज कुणी उघडत नव्हतं. एक तारखेला सकाळी फोन आला, “हिशोबाचं पान येत नाहीये.” ‘शो क्रिएट व्ह्यू’ने त्याची व्याख्या काढली, टेबलाचं नाव स्मॉल केलं, व्ह्यू पुन्हा बनवला. दहा मिनिटांचं काम. दुकानात तोवर त्यांनी कॅल्क्युलेटर काढला होता.